टिळकवाडीतला सकाळचा गळ्याचा वर्ग: आठ महिन्यांनंतर

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आमच्या शाळेत अगदी पुढ्यात बसलेल्या पोरालाही माझं बोलणं ऐकू जात नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला आमची सरकारी मराठी शाळा. पहिली ते पाचवी, शिक्षिका दोन. पहिली ते तिसरीचा नलिकली, म्हणजे खेळत शिकायचा, वर्ग माझ्याकडे. तिन्ही इयत्तांची पोरं एकाच खोलीत, गाणी, गोष्टी, खेळ, आणि या सगळ्यात बाईंनी दिवसभर बोलत राहायचं. बावीस वर्षं मी पावसाच्या वर आवाज काढून शिकवत आले. गेल्या जुलैत एका गुरुवारी कविता म्हणता म्हणता दुसऱ्या कडव्याला तोंडातून नुसती हवा आली. दुसरीतली एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचा आवाज बसलाय की ओ. तुम्ही बसा, मी म्हणतो."

तिनं पुढची कडवी म्हटली. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले आणि मला रडू आलं.

आता मेची सुट्टी लागलीय, आवाज परत आलाय, आणि ज्या वर्गानं तो परत आणला त्याबद्दल लिहायचं केव्हापासून मनात होतं. वर्ग बेळगावात, टिळकवाडीत, रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटांवर, एका घराच्या माडीवर भरतो. घेणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. साठी ओलांडलेल्या, घरी कानडी, शिकवणं मराठी-कानडी मिळून. त्यांचं नाव आणि घरचा पत्ता लिहू नकोस असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. खोली लहान आहे, अकराच्या वर माणसं बसत नाहीत, आणि दारात रांग लागलेली त्यांना नको आहे. टिळकवाडीत गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारलंत तर पत्ता लागेल.

आधी दवाखान्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून माझा गळा मला पडद्यावर दाखवला. दोन पांढरट पट्ट्या, पुढं जुळलेल्या, मागं उघडणाऱ्या. तेच स्वरतंतू. पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर एकेक दाणा. "बोलताना इथंच सगळ्यात जास्त आपटतात," डॉक्टर म्हणाले. बाईमाणूस बोलते तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भेटतात, पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. म्हणजे मी एक मिनिट बोलले तर बारा हजार टाळ्या. तळहातानं एवढ्या टाळ्या वाजवल्या तर काय होईल, ते पाट्या टाकणाऱ्या माणसाच्या हाताकडं बघावं. घट्टे पडतात. शिक्षिकांना हे दुखणं फार होतं, असं ते म्हणाले. शस्त्रक्रियेची घाई करायची नाही, आधी आवाज वापरायची पद्धत बदलायची. आणि कुजबुजायचंही नाही. दाबून कुजबुजलं तर गळ्याला विश्रांती मिळतच नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तर दोन आठवडे घरात कुजबुजतच होते.

जिवंत माणसाच्या गळ्यातले हे तंतू पहिल्यांदा नीट पाहिले ते एका गायनशिक्षकानं, हे मला अक्कांकडून कळलं. मॅन्युएल गार्सिया त्यांचं नाव. १८५४ साली दंतवैद्याचा आरसा घशाशी धरून, सूर्याचा उजेड आत सोडून त्यांनी स्वतःचाच गळा पाहिला. गाणं शिकवणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते बघावंसं वाटलं, आणि तिथून डॉक्टरांची विद्या पुढं गेली. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो.

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती. आवाज जायच्या आधी दीड वर्ष मी शहरातल्या दुसऱ्या एका वर्गाला जात होते. नाव घेत नाही. तिथं पहाटे पाचला खर्ज. उठायचं, चूळ भरायची आणि थेट मंद्र सप्तकात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, उतरून पाऊण तास सूर लावायचा, जितका मोठा लागेल तितका. पेटीवर सगळ्यांना एकच पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर एकच, काळी एक. पुरुषांना ती ठीकच. पण काळी एकच्या खर्जाचा षड्ज, तो खालचा सा, म्हणजे माझ्या आवाजाला विहिरीचा तळ. तिथं माझा सूर पोचतच नाही. तरी मी हनुवटी छातीला लावून, गळा दाबून तो काढायचे. घसा दुखला की सांगितलं जायचं, "दुखतंय म्हणजे तयार होतोय." मी विश्वास ठेवला. सकाळी खर्जानं घासलेला तोच गळा घेऊन खानापूरच्या बसमध्ये बसायचे आणि दहा वाजता पोरांपुढं उभी राहायचे.

खर्जसाधना खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या या भागात ते म्हणायची कुणाची छाती होईल? धारवाड, हुबळी, कुंदगोळ ही मोठ्या गवयांची गावं इथून दोन तासांच्या वाटेवर आहेत. सुळेभावी तर बेळगावच्या दाराशी, जिथं १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. पहाटेचा खर्ज या मातीत शेकडो गळ्यांनी भरलेला आहे. पण खर्ज कधी लावायचा, किती लावायचा आणि कुणी लावायचा, याचं उत्तर प्रत्येक गळ्यागणिक निराळं असतं. ते न बघता सगळ्यांना एका घाण्याला जुंपणं मला आता अन्याय वाटतो.

अक्कांकडं पहिल्या दिवशी गेले तर त्यांनी गायला सांगितलंच नाही. डॉक्टरांचा कागद मागितला. तो वाचला, कागदावर काढलेलं तंतूंचं चित्र बराच वेळ बघितलं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत येऊ नकोस म्हणाल्या. "मी गाणं शिकवते, औषध देत नाही." सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी सराव सुरू करायला हरकत नाही म्हटलं तेव्हा मला जागा दिली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते सात. महिना सहाशे रुपये. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्या वाचलेल्या पैशातच माझी फी निघते.

खोलीत जाजम, कोपऱ्यात मिरजेचा एक तंबोरा, पेटी, आणि लांबच्या भिंतीला एक फळी. फळीवर पाण्याचे पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकाचा आपापला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की इथं चहापान आहे. एकत्र बसणारी माणसंही कुठली कुठली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणाऱ्या तीन मुली, कोर्टात उभं राहून बोलणारे एक वकील, येळ्ळूरच्या बाजूचे एक भजनी बुवा, नाटकात काम करणारा एक मुलगा, देवळात आरतीला पुढं उभी राहणारी एक आजी. आणि मी. गाणं येणारे निम्मे, न येणारे निम्मे. सगळ्यांना सुरुवात सारखीच.

पहिली दहा मिनिटं कुणीही सूर लावत नाही. मान हळू फिरवायची, खांदे कानाला लावून सोडायचे. मग दोन्ही हातांचे तळवे गालावर ठेवून जबडा खाली ओघळू द्यायचा. हे वाचताना सोपं वाटतं. मला तीन आठवडे जमलं नाही. माझा जबडा कायम आवळलेला असतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. अक्का समोर येऊन बसायच्या, माझ्या हनुवटीला दोन बोटं लावायच्या आणि म्हणायच्या, "निधान, निधान. पोरांवर ओरडायचंय तेव्हा ओरड. आत्ता सोड." निधान म्हणजे सावकाश. आमच्या वर्गात हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो.

मग श्वास. पोटाच्या बाजूंना हात, फासळ्या रुंद होऊ द्यायच्या, आणि दातांतून "स्स्स" करत हवा एकसारखी सोडायची. मोजणी अक्का कानडीत करतात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पहिल्या दिवशी मी दहाला संपले, आता वीसला, इप्पत्तुला, आरामात पोचते. वकीलसाहेब तिसाच्या पुढं जातात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. एकदा ते तसं बोलून दाखवायला लागले तेव्हा अक्कांनी त्यांना कुमारांची गोष्ट सांगितली. क्षयानं फुप्फुस गेलेलं, १९४७-४८ पासून कितीतरी वर्षं अंथरुणावर, गाणं बंद. आणि उठल्यावर त्या उरलेल्या श्वासाच्या मापाचे छोटे-छोटे तुकडे घेऊन त्यांनी स्वतःचं गाणं उभं केलं. श्वास किती लांब आहे यापेक्षा तो तुम्ही कशाला वापरता हे अक्कांना महत्त्वाचं. त्या दिवसापासून आकडे सांगायची चढाओढ थांबली.

यानंतर ओठ. बारकी पोरं गाडी-गाडी खेळताना ओठ फुरफुरवून इंजिनचा आवाज काढतात, तसा. गालांना दोन बोटांचा आधार द्यायचा, ओठ सैल ठेवायचे आणि फुरफुर चालू ठेवून त्यावर सूर धरायचा. श्वास जरा अडला की फुरफुर बंद पडते, जरा जास्त ढकलला तरी बंद पडते. म्हणजे चूक कुणी सांगावी लागत नाही, ओठच सांगतात. मला हा सगळा वर्ग याच एका गोष्टीसाठी आवडतो: इथले बरेच सराव असे आहेत की ते चुकीचे करताच येत नाहीत. जुन्या वर्गात मी दीड वर्ष चुकीचं करत होते आणि ते चूक आहे हे कळायला गळा बंद पडावा लागला.

फुरफुरीवरच मग घाट. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्यांना चोर्ला माहीत असतो, वळणावर वळण. अक्का म्हणतात, "चला, चोर्ला उतरू," आणि आपण वरच्या सुरावरून घसरत खाली यायचं, मग परत वर, मध्ये कुठंही पायरी न घेता. खालच्या सुरात तंतू आखूड आणि जाड असतात, वर जाताना ते ताणून पातळ होतात. खालचं काम करणारा स्नायू हळूहळू हात सोडतो आणि वर ताणणारा स्नायू हळूहळू हात धरतो. हा हात बदलताना धक्का बसतो तिथं आवाज फुटतो. माझा धैवताच्या, म्हणजे ध च्या, आसपास फुटायचा. आयुष्यभर मला वाटत आलं की तिथून पुढं माझा आवाजच नाही. बुवांचाही असाच एका जागी फुटतो, आणि ते तीस वर्षं त्या जागेवर जोर देऊन भजन म्हणत आले आहेत. अक्का तिथं जोर देऊ देत नाहीत. तेवढ्या वळणाला आवाज बारीक करायचा, अगदी शिवणाच्या दोऱ्याएवढा, आणि तसाच पलीकडं न्यायचा. डिसेंबरच्या एका थंडीच्या सकाळी माझा सूर तिथून न फुटता गेला. मला कळलंही नाही. शेजारच्या आजीनं माझा हात दाबला तेव्हा कळलं.

आता पेल्यांची गोष्ट. प्रत्येकाकडं एक सिलिकॉनची मऊ नळी आहे, साधारण फूटभर लांब, करंगळीएवढी जाड. पेल्यात निम्मं पाणी घ्यायचं. नळीचं एक टोक दोन बोटं पाण्यात बुडवायचं, दुसरं ओठांत धरायचं, आणि "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. नुसती फुंकर नाही, फुंकरीबरोबर सूर. अकरा पेले एकदम बुडबुडायला लागले की खोलीत पातेल्याला उकळी आल्यासारखा आवाज होतो. गाल थरथरतात, वरच्या ओठाला गुदगुल्या होतात, आणि गळ्याच्या आत एक रिकामी, रुंद जागा झाल्यासारखं वाटतं. मला दाण्यांमुळं सकाळी गळ्यात सतत काहीतरी अडकल्याचा भास व्हायचा. पहिल्यांदा पाच मिनिटं बुडबुडे काढले आणि तो भास तासभर गेला. मी बसमध्ये बसून खिडकीबाहेर बघत गिळून बघत होते, खरंच गेला का म्हणून.

असं का होतं ते अक्कांनी हाताच्या दोन तळव्यांनी दाखवलं. तोंडाशी नळी अरुंद, पुढं पाणी, म्हणून बाहेर जाणारा श्वास थोडा अडतो आणि वरून तंतूंवर उलटा दाब येतो. त्या दाबानं तंतू एकमेकांपासून किंचित दूर राहतात. थरथरतात, पण आपटत नाहीत, नुसते स्पर्श करतात. सूर तोच, मार कमी. माझ्यासारख्या घट्टे पडलेल्या गळ्याला याहून चांगलं काय हवं? फिनलंडमधले आवाजाचे शिक्षक काचेच्या नळ्या घेऊन हा सराव गेल्या शतकातल्या साठच्या दशकापासून घेत आलेत, आणि अमेरिकेतले इंगो टिट्झे या आवाजाच्या शास्त्रज्ञांनी साधी स्ट्रॉ घेऊन करायच्या सरावावर बरंच काम केलंय. पाणी किती खोल घ्यायचं याला मात्र शिस्त पाहिजे. नाटकातल्या मुलानं एकदा नळी तळाला टेकवली आणि जोर लावून फुंकत राहिला, तेव्हा अक्का रागावल्या. जेवढं खोल, तेवढा दाब. दोन बोटं पुरे.

नळीबद्दल एक सावधगिरीचं. आधी मी घरी पेयांच्या स्ट्रॉ वापरून बघितल्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, कागदाच्या मिळतात, त्या तीन मिनिटांत भिजून चपट्या होतात. स्टीलची घेतली तर ती दातावर कडक लागते आणि ओठ आवळले जातात. सिलिकॉनचीच घ्या, लॅबच्या सामानाच्या दुकानात मागितली की कापून देतात. आणि रोज गरम पाण्यानं धुवून उभी टांगून वाळवा. मी पावसाळी हवेत पिशवीत तशीच ठेवली होती, आतून काळी बुरशी आली, ती टाकून नवी आणावी लागली.

एवढं सगळं झाल्यावर, म्हणजे पंचवीसेक मिनिटांनी, तंबोरा. इथं अक्कांचं खरं मोठेपण मला दिसतं. प्रत्येकाला आपापला षड्ज. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पेटीवर एकेक पट्टी देत बोलायला लावलं. गायला नाही, "आज बाजार आहे", "पाऊस येणार" अशी साधी वाक्यं. ती मी कुठल्या सुरात सहज बोलते ते त्यांनी ऐकलं, आणि माझा षड्ज पांढरी पाच ठरवला. पाच महिन्यांनी काळी चार झाला. खाली मंद्र धैवतापर्यंत जायचं, त्याच्या खाली सध्या बंदी. खर्ज इथंही आहे, पण तो गळा तापल्यावर, हलक्या आवाजात, तंबोऱ्यात बुडवल्यासारखा. मंद्र निषाद लावून मी डोळे मिटले की तंबोऱ्याच्या जवारीतून, तारांच्या त्या गुंजणाऱ्या झंकारातून, तोच सूर उमलून परत माझ्याकडं येतो. आयुष्यात पहिल्यांदा मला खर्ज गोड लागला.

पलट्यांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडं तेच असतात. सा रे ग रे सा, मग पाच सुरांचे, नुसत्या "आ"वर. एवढंच वेगळं की मधली सात-आठ मिनिटं तंबोरा बंद करून पेटीवर पट्टी एकेक घर वर सरकवतात आणि तेच पाच सूर म्हणायला लावतात. आपल्याकडच्या जुन्या बुवांना हे पटणार नाही, आणि परीक्षेच्या मुलींच्या घरूनही एकदा त्यावरून विचारणा झाली होती. मला स्वतःला त्याचा उपयोग झाला. एकाच षड्जाला धरून बसलं की वरचे सूर डोंगरासारखे दिसायला लागतात. पट्टी गुपचूप सरकली की आपण कुठं पोचलो ते कळत नाही आणि भीती जाते.

आणि मग तो शब्द, साकु. कानडीत पुरे. एखाद्याचा सूर छान लागला, रंगात आला, आता आणखी म्हणावंसं वाटतंय, नेमक्या त्या क्षणी अक्का हात वर करतात आणि म्हणतात, "साकु." सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. थकल्यावर थांबव की, छान चाललेलं का थांबवतेस? हळूहळू कळलं. गळा थकल्याचं आपल्याला उशिरा कळतं, तोवर आपटून झालेलं असतं. आणि चांगल्या सुरावर थांबलं की गळ्याला तोच सूर आठवणीत राहतो. शेवटची दोन मिनिटं पुन्हा ओठ मिटून "म्म्म", वरून खाली, जसं धावून आल्यावर थोडं चालतात. मग सात वाजता सगळे पेले धुतात.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्याही लिहिते, नाहीतर हे कौतुकच होऊन बसेल.

अक्का कारण उशिरा सांगतात. पहिले तीन-चार दिवस मी बुडबुडे का काढतेय हेच मला कळत नव्हतं, आणि सत्तर रुपयांच्या नळीत गळा कसा बरा होईल असं घरच्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्यानंतर आलेली एक बाई याच कारणानं आठवड्यात सोडून गेली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं बसवून समजावलं तर ती टिकली असती. बोलता बोलता त्या भरभर कानडीत जातात, तेव्हा वकीलसाहेबांना भाषांतर करावं लागतं. ज्यांना कानडी अजिबात येत नाही त्यांना जड जाईल. फोनवर रेकॉर्ड करू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, घरी रेकॉर्ड लावून तुम्ही माझ्या आवाजामागं धावाल. मला ते पटतं, तरी निदान मोजणी तरी रेकॉर्ड करू द्यावी. अकराजणांत प्रत्येकाकडं लक्ष पोचत नाही, आणि शांत बसणाऱ्याकडं कमी पोचतं. माडीचा जिना अरुंद आणि उंच आहे. आरतीच्या आजी एकेक पायरी मोजत चढतात, तिथं कठडा बसवायला हवा. आणि गाडी गेली की शिट्टीनं वर्ग थांबतो, पण त्याला कुणाचाच इलाज नाही.

घरी सराव करताना तंबोऱ्यासाठी मी फोनवरचं अॅप वापरते. चालतं. पण फोनच्या लहान स्पीकरमधून खर्जाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळं खालचे सूर लावताना आधार राहत नाही आणि मग आपण नकळत दाबतो. बाहेरचा स्पीकर जोडला तर बरं. राडेल कंपनीचं तंबोऱ्याचं जुनं इलेक्ट्रॉनिक यंत्र माझ्या नणंदेकडं होतं, त्यात खालची तार स्पष्ट येते. सुट्टीत ते आणून ठेवलंय.

आवाजाचं काय झालं, ते. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा कॅमेरा घातला. उजवीकडचा दाणा गेलाय, डावीकडं थोडी सूज दिसते. नुसत्या सरावानं हे झालं असं मी म्हणणार नाही. शाळेतही मी बदलले. पावसात ओरडायचं बंद केलं. जोराचा पाऊस आला की घंटा वाजवते आणि पोरं पाटीवर लिहितात किंवा चित्रं काढतात. पाण्याची बाटली टेबलावर असते. घसा खाकरायची सवय मोडली, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी पिते. पण रोज सकाळी ती पंधरा मिनिटं, मान, ओठ, घाट, नळी, ही माझी मी घरी करते, वर्ग नसलेल्या दिवशीसुद्धा. शाळेला जायच्या आधी, गाणं असो-नसो.

माझा आवाज पूर्वीपेक्षा थोडा खाली उतरलाय. याचं वाईट वाटायचं. गंगूबाई हनगलांचा आवाज तरुणपणी बारीक आणि उंच होता, घशाच्या दुखण्यानंतर तो भारदस्त झाला, आणि आपण सगळे ज्या आवाजाला गंगूबाई म्हणून ओळखतो तो हा नंतरचाच. अक्कांनी मला त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या ध्वनिमुद्रिका आणि नंतरच्या, एकामागोमाग एक ऐकवल्या आणि त्यावर काही बोलल्या नाहीत. मी घरी येऊन पुन्हा ऐकल्या.

हा वर्ग कुणासाठी? गाणं शिकायचं असेल तर इथं पूर्ण गाणं मिळणार नाही, राग-बंदिशीसाठी दुसरा गुरू हवाच. परीक्षेच्या मुली इथून आपल्या गाण्याच्या वर्गाला जातात. पण शाळेत शिकवणाऱ्या, बाजारात माल विकणाऱ्या, कीर्तन-भजन करणाऱ्या, कोर्टात बोलणाऱ्या, दिवसभर गळ्यावर पोट असणाऱ्या कुणालाही मी हा वर्ग सांगेन. विशेषतः आमच्या तालुक्यातल्या शिक्षिकांना. आपण पायाला मोच आली तर आठवडाभर बसतो आणि गळा बसला तर हळदीचं दूध पिऊन दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्या राहतो. पंधरा दिवसांच्या वर घोगरेपणा राहिला तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग अक्कांकडं या. त्या कागद मागतीलच.

जूनपासून दोन जागा रिकाम्या होतायत, परीक्षेच्या मुलींपैकी दोघी पुण्याला चालल्यात. येताना आपला पेला आणि नळी घेऊन या. सहाच्या आधी पोचा, गेट बंद असेल तर गाडी अलीकडंच लावून चालत पलीकडं या, अक्का थांबत नाहीत. चहा वर्ग झाल्यावर प्या. आणि खोलीत शिरताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाकून या, तिथं वासा खाली आलाय.